एक्केचाळिसावा शब्द

इद्रीस खतीबला रिकामा रकाना बघवत नसे. कुवेतच्या बंदरावरच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात तो टायपिस्ट होता. पंधरा वर्षांत त्याने मालाचे हजारो कागद बडवले. त्या कागदांत चुका सापडतील, थापाही सापडतील, पण कोरी जागा एक सापडायची नाही. पेटीत काय आहे ठाऊक नाही? 'किरकोळ सामान' लिहा. वजन कळत नाही? अंदाजे टाका. हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की जागा कोरी दिसली की जकातीवाले कागद तोंडावर फेकतात आणि जहाज धक्क्यावर अडकून बसतं. ते ऑफिसापुरतं ठीक होतं. या गृहस्थाने तो नियम आयुष्यालाच लावून घेतला. बायकोने विचारलं, यंदा थंडी कधी पडेल, तर हा तारीख सांगणार. 'माहीत नाही' हे त्याच्या लेखी उत्तर नव्हतंच, तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होता.

असा माणूस कुणाला आवडेल? सासऱ्याला तर तो मुळीच आवडला नाही.

सासरा म्हणजे यूसुफ सारंग. रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या तोंडावर वीसेक घरांची वाडी, सगळी गलबतवाल्यांची. यूसुफने चाळीस वर्षं गलबत हाकलं, बसऱ्यापासून मलबारपर्यंत. पोरीला त्याच्या मनासारखा दर्यावर्दी नवरा मिळाला नाही. बायकोने हट्टाने वरच्या गावातल्या खतीबांकडे सोयरीक केली. खतीब म्हणजे मशिदीत खुतबा, शुक्रवारचं प्रवचन, वाचणारे, पिढ्यानपिढ्या कागदावर जगणारे. त्यातून हा इद्रीस मुंबईहून कुवेतला आगबोटीने आला आणि त्याला बोट लागली. चांगले सहा दिवस आडवा. एका गाववाल्याने ही बातमी वाडीत पोचवली आणि म्हाताऱ्याने ती आयुष्यभर जपून ठेवली.

पुढे यूसुफची बायको गेली, गलबत खाडीच्या चिखलात कुजलं, मुलगा सिराज मुंबईत आगबोटीवर खलाशी झाला आणि घराकडे फिरकेना. तेव्हा पंचावन्न साली पोरीने, म्हणजे इद्रीसच्या बायकोने, खैरुन्निसाने, बापाला कुवेतला बोलावून घेतलं. कागदपत्रं अर्थात इद्रीसने केली. बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर लाकडाच्या वखारीत रखवालदाराची जागाही त्यानेच मिळवून दिली. म्हाताऱ्याने आभार मानले नाहीत ते नाहीतच, वर जावयाचं नावही कधी तोंडातून काढलं नाही. हाक मारायची झाली तर म्हणायचा, "ए कागद!"

चारचौघांत म्हणायचा. वखारीत, दुकानात, ईदच्या दिवशी भरल्या घरात. "ए कागद, जरा पाणी आण." लोक हसायचे. इद्रीसही हसायचा आणि आतून जळायचा. तो सासऱ्याला पाण्यात पाहत होता, सासरा त्याला पाण्यात पाहत होता. खरं सांगायचं तर इद्रीसला जगात फार काही नको होतं. या एका उर्मट म्हाताऱ्याने एकदा, फक्त एकदा, आपल्याला माणूस म्हणावं, एवढंच हवं होतं. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. पण आठ दिवसांतून सात दिवस त्याच्या डोक्यात हेच चालायचं.

सत्तावन्न साली, शहराची जुनी भिंत पाडत होते त्या दिवसांत, ऑफिसात लेहनर नावाचा व्हिएन्नाचा इंजिनियर होता. कामात कडक आणि नाद विचित्र. ऑफिस सुटल्यावर त्याने इद्रीसला एक कागद टाईप करायला दिला. त्याच्या गावच्या मोठ्या ग्रंथालयात एक हजार-बाराशे वर्षांपूर्वीची हस्तलिखित पोथी आहे, तिच्यातल्या पानाची ती नक्कल होती. फ्रान्सच्या मुलखात पूर्वी गॉल लोक राहायचे. रोमनांचं राज्य आलं, लोक लॅटिन बोलायला लागले आणि त्यांची भाषा मेली. ती पार संपायला आली असताना कुणीतरी अठराएक शब्द लिहून ठेवले. एका बाजूला गॉलांचा शब्द, दुसऱ्या बाजूला लॅटिनमध्ये अर्थ. 'ब्रिओ' म्हणजे पूल. 'अवाल्लो' म्हणजे फळं. 'त्राइदे' म्हणजे पाय. 'आरे' म्हणजे पुढे आणि 'मोरे' म्हणजे समुद्र, म्हणून समुद्रापुढे राहणारे ते 'आरेमोरिकी'.

"म्हणजे आम्हीच," इद्रीस म्हणाला. साहेब हसला.

दोन रकान्यांचा कागद, एकही जागा कोरी नाही. इद्रीसला तो फारच आवडला. मग साहेबाने एका ओळीवर बोट ठेवलं. ऱ्होन नदीच्या नावाचा अर्थ त्या लिहिणाऱ्याने दिला होता 'जुलमी न्यायाधीश'.

"हे खरं?" इद्रीसने विचारलं.

"साफ खोटं. त्याला माहीत नव्हतं, म्हणून दोन तुकडे जोडून काहीतरी लिहिलं. गंमत बघ, ती भाषा बोलणारा एकही माणूस आज नाही. त्यामुळे त्याची थापसुद्धा आम्हाला जपून ठेवावी लागते."

"हा कसला विद्वान?" इद्रीस भडकला. "कळत नव्हतं तर गप्प बसायचं होतं!"

ऐका, कोण म्हणतोय ते.

साहेबाने मग सहज विचारलं की तुमच्या किनाऱ्यावर अशी कुठली बोली मरायला टेकलीय का. इद्रीसच्या डोळ्यांपुढे सासरा उभा राहिला. त्या वाडीच्या गलबतवाल्यांची एक वेगळी बोली होती. किनाऱ्यावर ती कुणी बोलत नसे. बायकांशी नाही, पोरांशी नाही. शीड वर चढलं की सुरू, नांगर पडला की बंद. गलबतावर चढलेल्या परक्या व्यापाऱ्यांना आपली मसलत कळू नये म्हणून कुणा आज्या-पणज्याने ती काढली असं म्हणायचे. वाडीतली बाकीची माणसं आगबोटींवर गेली, तिथे त्या शब्दांना काम नव्हतं. मग एकेक करून तीही गेली. उरला होता एकटा यूसुफ सारंग, लाकडं राखत.

"आहे," इद्रीस म्हणाला. "माझे सासरे."

"मग लिहून काढ. मी छापून आणीन. तुझ्या नावाने."

त्या दिवशी इद्रीस घरी गेला तो जमिनीपासून वीतभर वरून चालत. आता म्हाताऱ्याला कळेल कागद म्हणजे काय चीज असते ते.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, तो वही-पेन्सिल घेऊन वखारीत हजर झाला. म्हातारा ओंडक्यावर बसून जाळं विणत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बाजूला पचकन थुंकला.

"माझी जबान तुझ्या वहीत? माशी मारून चिकटवतात तशी?"

"बावा, तुमच्यामागे ती राहील."

"कुणासाठी? तुझ्यासाठी? जमिनीवर ते शब्द निघत नाय. हवेत तर चल होडीत."

सरळ सरळ सूड होता तो. वखारीच्या मालकाची छोटी होडी होती. म्हातारा ती घेऊन आखातात शिरला, चांगली लाट असेल तिथे आडवी धरली आणि मजा बघत बसला. इद्रीसने दोन शब्द लिहिले आणि काठावरून वाकला. ओकून झालं, तोंड पुसलं, पुन्हा पेन्सिल उचलली. तिसरा शब्द. पुन्हा वाकला. म्हातारा इतका खूश झाला की त्याने आपण होऊन आणखी चार शब्द दिले.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात शुक्रवारी हाच तमाशा. इद्रीस रिकाम्या पोटी जायचा, हिरवा होऊन परतायचा. खैरुन्निसा म्हणायची, "तुमी जाता कशाला? दोघंपण येडी हाव." तो जायचाच. आणि शब्द मात्र असे यायचे की ऐकत राहावं. 'निवाट' म्हणजे बुडालेल्या खडकावरून सरकणारं गुळगुळीत पाणी. जमीन दिसायच्या आधी तिचा वास घेऊन येणाऱ्या वाऱ्याला एक शब्द. शीड उतरवताना सगळ्यांनी मिळून घ्यायच्या श्वासाला एक. एकेकदा सांगता सांगता म्हाताऱ्याचा आवाज बदलायचा, डोळे दूर लागायचे. मग त्याला समोर कोण बसलंय ते आठवायचं आणि तो तोंड मिटायचा.

"ह्याचा अर्थ, बावा?"

"तुना कळायचा नाय. तू कागद."

असे अडलेले शब्द नऊ होते. इद्रीसने त्या नऊही जागा घरी बसून भरल्या. एक दोराचा प्रकार ठरवला, एक मासा ठरवला, एक म्हणे 'शुभ वारा'. लेहनर साहेबाला जुलमी न्यायाधीशावरून तावातावाने सुनावणारा हाच माणूस! त्याला स्वतःच्या रकान्यात काही वावगं दिसलं नाही. कोऱ्या जागेपेक्षा काहीही बरं.

अठ्ठावन्नच्या अखेरीस साहेब मायदेशी परत गेला. जाताना पत्ता देऊन गेला. यादी चाळीस शब्दांवर थांबली होती. एकोणसाठच्या एप्रिलमध्ये म्हातारा वखारीतच कोसळला. अर्धं अंग गेलं. खैरुन्निसा तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती, पहिली मुलगी, असमा. तिला घराबाहेर पडता येईना. सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्याजवळ बसायला उरला तो इद्रीस.

चार दिवस बसला. तोंड पुसलं, कूस बदलली, चमच्याने पाणी पाजलं. म्हातारा टक्क डोळ्यांनी छताकडे बघायचा. वाचा जवळजवळ गेली होती. चौथ्या दिवशी दुपारी बाहेर धुळीचं वादळ उठलं. खिडक्या पिवळ्या झाल्या, दातांत रेती यायला लागली. तेवढ्यात म्हाताऱ्याने मान वळवली. त्याचा धड असलेला उजवा हात चादरीखालून बाहेर आला. मूठ अर्धवट वळलेली, जशी काठी धरावी तशी. त्याने इद्रीसकडे बघितलं आणि घशातून एक शब्द ओढून काढला.

"हेरमा."

इद्रीस खुर्चीतून अर्धा उठला. नवा शब्द! जमिनीवर, होडीशिवाय, न ओकता! त्याने घाईघाईने वही काढली, पेन्सिल काढली.

"काय म्हणालात, बावा? ह्याचा अर्थ काय?"

म्हाताऱ्याचे डोळे रागाने मोठे झाले. हात आणखी पुढे आला.

"हेरमा!"

"लिहिलं, बावा. लिहिलं. पण अर्थ?"

तिसऱ्यांदा तो ओरडला. अर्ध्या तोंडाने, लाळ गाळत, असा ओरडला की पलीकडून नर्स धावत आली. ती पोचेपर्यंत हात चादरीवर पडला होता. मूठ तशीच अर्धी उघडी. तोंडावर संताप. यूसुफ सारंग संतापातच गेला.

इद्रीस रडला नाही. त्याच्या डोक्यात संतापाची तिडीक उठली होती. चार दिवस याचं हगणं-मुतणं काढलं, दोन हिवाळे याच्या होडीत आतडी ओकली, आणि मरतानाही हा माणूस माझ्या तोंडावर ओरडून गेला! दफन झालं, तिसरा दिवस झाला. मग त्याने टाईपरायटर पुढे ओढला. एक्केचाळीस. हेरमा. आणि समोरच्या रकान्यात टाईप केलं: 'शिवी. कमी लायकीच्या माणसाला उद्देशून.' मनासारखं वाटलं त्याला. निदान एका रकान्यात तरी आपण म्हाताऱ्याची परतफेड केली.

खैरुन्निसाला त्याने सांगितलं, "शांतपणे गेले. काही बोलले नाहीत." बापाने शेवटी शिवी दिली हे ओल्या बाळंतिणीला कशाला सांगायचं, एवढी माणुसकी त्याच्यात होती. यादी पोस्टाने व्हिएन्नाला रवाना झाली.

बासष्ट साली छापील प्रत आली. कुठल्याशा विद्वानांच्या मासिकातली चार पानं. वर इंग्रजीत नाव, आय. खतीब. लेहनर साहेबाने प्रस्तावनेत लिहिलं होतं की मरणाऱ्या भाषेच्या उशाशी बसून तिचा शेवटचा शब्द टिपण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. इद्रीसने ते वाक्य ऑफिसात सहा जणांना वाचून दाखवलं. संध्याकाळी मिठाई घेऊन घरी आला.

खैरुन्निसाला इंग्रजी येत नव्हतं. ती असमाला मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या बावाची जबान मना कधी कुणी ऐकवली नाय. आमी बायका ना. वाचा."

त्याने वाचलं. ती ऐकताना हसत होती आणि डोळे पुसत होती. जमिनीचा वास आणणाऱ्या वाऱ्याजवळ तिने त्याला थांबवलं आणि तो शब्द दोनदा म्हणून बघितला. चाळीस झाले तसं इद्रीसने मासिक मिटलं.

"मघाशी तर एक्केचाळीस म्हणालात."

"शेवटचा जाऊ दे. चांगला नाही."

"बावाचा हाय ना? मंग वाचा."

"शिवी आहे. हेरमा."

खैरुन्निसाचं हसू तिथेच विरलं. तिने पोरीला खाली ठेवलं.

"हा शब्द तुमाला कुठे मिळाला?"

इद्रीस अडखळला. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने दवाखान्यातली दुपार सांगितली. हात कसा बाहेर आला, कसे तीनदा ओरडले, सगळं. खैरुन्निसा त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात हळूहळू असं काही येत गेलं की इद्रीसचा आवाज बसत गेला.

"गलबताचा मना हा एकच शब्द ठाव हाय," ती म्हणाली. "सिराज लहानपणी तापानं फणफणला होता. आई आणि बावा पाळीपाळीनं त्याच्याजवळ बसत. बावा उठताना आईला म्हणायचे, हेरमा. आणि आई आपला हात त्यांच्या हातावर ठेवायची. मग ते हात काढून घ्यायचे नि आडवे व्हायचे. मी विचारलं तेव्हा बावांनी सांगितलं. सुकाणूवर बसलेला माणूस थकला का दुसऱ्याला हेरमा म्हणतो. दुसऱ्यानं आपला हात त्याच्या हातावर ठेवायचा. ठेवला नाय तर पयल्याला सुकाणू सोडता येत नाय, मेला तरी नाय. आणि वाटेल त्याला म्हणायचा नाय हा शब्द. ज्याच्या भरवशावर डोळे मिटता येतील, त्यालाच."

इद्रीसने हातातलं मासिक खाली ठेवलं.

"सिराजला त्यांनी जन्मात कधी म्हटला नाय. पोटचा पोर असून." तिचा आवाज चिरका झाला. "तुमाला तीनदा म्हटला. तुमी हात ठेवलात?"

"माझ्या हातात पेन्सिल होती," इद्रीस म्हणाला.

तिने मिठाईचा पुडा उचलला आणि दाराबाहेर ठेवून आली. त्यानंतर तिने या गोष्टीचा चकार शब्द काढला नाही, आणि तेच इद्रीसला जास्त जड गेलं. पुढची कित्येक वर्षं तो घरात आला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. ती त्याला क्षमा करायला तयार नव्हती, आणि का करावी?

इद्रीसने व्हिएन्नाला पत्र लिहिलं. एक्केचाळीसचा अर्थ चुकला आहे आणि आणखी नऊ मी मनाने घातले आहेत, असं साफ लिहिलं. टायपिस्टने आयुष्यात पहिल्यांदा दिलेला तो कबुलीजबाब होता. उत्तर साहेबाच्या बहिणीने पाठवलं. लेहनर साहेब वारला होता. मासिकही बंद पडलं होतं. दुरुस्ती छापायला आता जागा नव्हती.

त्यानंतर ऑफिसात तो मालाच्या कागदांवर 'माहीत नाही' असं टाईप करू लागला. जकातीवाले कागद तोंडावर फेकायचे, हेडक्लार्क शिव्या घालायचा, जहाजं अडायची. इद्रीस खाली मान घालून ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच टाईप करायचा. अडुसष्टमध्ये त्याला कामावरून काढलं.

यूसुफ सारंगची बोली आज जगात त्या चार पानांवर उरली आहे, दुसरीकडे कुठेही नाही. ती वाचून शिकणाऱ्याला पूर्ण भरलेले दोन रकाने मिळतील. अगदी शेवटच्या ओळीत, एका म्हाताऱ्याने आपल्या जावयाला दिलेली शिवी मिळेल.